महाराष्ट्रातील अग्निशामकांचे बचाव-प्रशिक्षण : मुंबई गोदी ते मांजरसुंबा घाट

प्रस्तावना :

१४ एप्रिल हा दिवस महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचा दिवस म्हणून घरोघरी ओळखला जातो. याच दिवशी देशातील सर्व अग्निशमन केंद्रांत अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि तेथून पुढे अग्निसुरक्षा सप्ताह सुरू होतो, याची माहिती मात्र केंद्राच्या आवाराबाहेर फार थोड्यांना असते. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटात कर्तव्यावर असलेले ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळण्याची प्रथा पडली. भायखळ्याच्या मुख्यालयात त्या दिवशी संचलन होते, पुष्पचक्र अर्पण केले जाते आणि शौर्याचा गौरव होतो. हा गौरव उचितच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे याहून वेगळा प्रश्न उभा राहतो. त्या ६६ जणांजवळ धैर्य होते, पाणी होते, बंब होते. मग त्यांच्याजवळ काय नव्हते?

या प्रश्नाचे उत्तर 'प्रशिक्षण' या एका शब्दात देता येईल, परंतु तो शब्द फार सैल वापरला जातो. वर्गात बसून ऐकलेली माहिती आणि अंधारात, धुरात, हातात दोर धरून पुन्हापुन्हा केल्यामुळे अंगवळणी पडलेली कृती यांत मोठे अंतर आहे. अग्निशामकाच्या व्यवसायात जीव वाचतो तो या दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणामुळे. महाराष्ट्रात हे प्रात्यक्षिक शिक्षण कोणत्या प्रसंगातून आणि कोणत्या संस्थांतून घडत गेले, तसेच ते शहरांच्या वेशीवर का थांबले, याचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शहरांची सेवा :

संघटित अग्निशमन सेवा ही मुळात शहराची गरज म्हणून जन्माला आली. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या कोट भागात मोठी आग लागली आणि दाट वस्तीचा बराच भाग जळून गेला. पुढे अनेक दशके आग विझविणे हे पोलिसांच्या अनेक कामांपैकी एक काम होते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण हे महापालिकेचे कर्तव्य ठरविले. त्यानंतरच्या काळात मुंबईच्या दलावर लंडनच्या दलाची छाप राहिली. गणवेश, हुद्दे, कवायतीचे शब्द या सर्वांवर ती आजही दिसते. 'ब्रँच', 'होज', 'स्टँडबाय' हे शब्द मुंबईतला मराठी अग्निशामक मराठीच समजून वापरतो.

लंडनच्या परंपरेचा उल्लेख करताना जेम्स ब्रेडवुड याचे नाव टाळता येत नाही. १८२४ मध्ये एडिंबरा येथे त्याने संघटित नागरी दल उभारले आणि १८३० मध्ये बंबांच्या रचनेबरोबरच अग्निशामकांच्या शिक्षणाचाही विचार करणारा ग्रंथ लिहिला. आपल्या माणसांना तो पहाटेच्या अंधारात कवायत देई, कारण आग उजेड पाहून लागत नाही. हाच ब्रेडवुड जून १८६१ मध्ये लंडनमधील टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेल्या आगीत, स्वतःच्या माणसांजवळ उभा असताना, भिंत कोसळून मरण पावला. अंगावर कोसळणाऱ्या भिंतीचा हा धडा मुंबईला पुढे दीडशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला. त्याचा विचार पुढे येईलच.

मराठवाड्याची वाट या काळात निराळी होती. बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड, औरंगाबाद हे जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्यामुळे मुंबईच्या पालिका कायद्याचा आणि त्याबरोबर वाढलेल्या अग्निशमन परंपरेचा वारसा या प्रदेशाला मिळाला नाही. गंजीला किंवा कडब्याला आग लागली की विहिरीवरून घागरींची रांग लावायची, ओल्या पोत्यांनी ज्वाळा झोडपायच्या आणि शेजारच्या छपराचा पाला ओढून काढायचा, ही गावाची स्वतःची पद्धत होती. ती अगदीच अडाणी होती असे नाही. आगीच्या वाटेतील जळण काढून टाकणे हे तत्त्व अग्निशमनशास्त्रही मान्य करते.

व्हिक्टोरिया गोदी, १४ एप्रिल १९४४ :

'फोर्ट स्टिकिन' हे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईला पोहोचले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. सोन्याच्या विटाही होत्या, आणि लोकांच्या आठवणीत पुढे या विटाच अधिक राहिल्या. कराचीत काही माल उतरविल्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेल, लाकूड, गंधक, भंगार असा माल भरण्यात आला. दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके अशी मांडणी होती. युद्धकाळात जहाजांची टंचाई असल्याने हे चालवून घेतले गेले. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल निशाण लावण्याचा संकेत होता. तो येथे पाळला गेला नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास कोठारातून धूर निघताना दिसला. बंब आले, नळ्या सोडल्या गेल्या आणि पाणी ओतले जाऊ लागले. पुढील दोन तासांत सुमारे ९०० टन पाणी जहाजात गेले. दाट धुरामुळे आगीचे नेमके ठिकाण सापडत नव्हते. येथे विज्ञानाची एक साधी गोष्ट आडवी आली. दाबून बांधलेली कापसाची गाठ बाहेरून भिजली तरी आतून धुमसत राहते आणि पाण्यावर तरंगते. कोठारात जसजसे पाणी चढत गेले तसतसा पेटता कापूसही वर, म्हणजे स्फोटकांच्या दिशेने, चढत गेला. बंदिस्त कोठारातील पाणी उकळू लागले, बाहेरून जहाजाचा पत्रा तापला. आग विझविण्यासाठी केलेला उपायच संकट जवळ आणीत होता, आणि नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट अधिकाराची होती. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा स्फोटक-तज्ज्ञ आणि अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स असे अनेक जबाबदार लोक घटनास्थळी होते. जहाज जागीच बुडवावे काय, ओढून समुद्रात न्यावे काय, की पाण्याचा मारा चालू ठेवावा, यावर मते निघाली. गोदीतील पाणी जहाज पुरते बुडण्याइतके खोल नव्हते. ओढून नेण्यास वेळ हवा होता. सर्वांवर ज्याचा शब्द अखेरचा चालेल असा एक माणूस ठरलेला नव्हता, म्हणून निर्णय होईना. तीन वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास जहाज सोडण्याची आज्ञा झाली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. सिमला येथील भूकंपमापकावरही धक्क्याची नोंद झाली. 'जलपद्मा' हे शेजारचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत आठशेपासून तेराशेपर्यंत दिली जाते. शहरात पसरलेल्या आगी विझविण्यास कित्येक दिवस लागले.

या घटनेकडे केवळ युद्धकाळातील अपघात म्हणून पाहिले तर तिचा अर्थ निसटतो. डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात 'माँ-ब्लाँ' हे स्फोटकांनी भरलेले जहाज पेटले, तेव्हा आत काय आहे हे न कळता धावून गेलेले तेथील दलाचे नऊ जण मारले गेले होते. म्हणजे मुंबईच्या सुमारे २६ वर्षे आधी हा प्रसंग घडून गेला होता. मुंबईनंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे अमोनियम नायट्रेट भरलेले 'ग्रँडकँप' हे जहाज पेटले आणि त्या गावच्या स्वयंसेवी दलातील २८ पैकी २७ जण ठार झाले. तीन बंदरे, तीन जहाजे, आणि तिन्ही ठिकाणी जहाजाजवळ उभे राहून आगीशी झुंजणारी माणसे. अनुभव आपोआप प्रवास करीत नाही. तो कवायतीच्या पुस्तकात उतरला, पुस्तकातून मैदानावर गेला आणि मैदानावरून नव्या उमेदवाराच्या हातापायांत शिरला, तरच पुढच्या ठिकाणी पोहोचतो. हॅलिफॅक्सचा धडा मुंबईला मिळाला नाही आणि मुंबईचा टेक्सासला.

नागपूरचे मैदान :

स्वातंत्र्यानंतर अग्निशमन सेवांना दिशा देण्यासाठी १९५५ मध्ये केंद्र सरकारने स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. देशभरातील अधिकाऱ्यांना एकसारखे शिक्षण मिळावे यासाठी १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला हलविण्यात आले. १९५७ मध्येच नागपूरला केंद्रीय आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. १९६२ च्या व १९६५ च्या युद्धांनंतर नागरी संरक्षणाला महत्त्व आले आणि १९६८ मध्ये ही संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. अशा रीतीने आग विझविणे आणि ढिगाऱ्याखालून माणूस काढणे या दोन्ही विद्यांची देशातील प्रमुख केंद्रे महाराष्ट्रातील एकाच शहरात आली. ही गोष्ट महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही. संत्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराच्या वाट्याला हे श्रेयही यायला हवे होते.

येथील प्रशिक्षणाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण सामान्य वाचकाच्या कल्पनेत अग्निशामक म्हणजे पाण्याची नळी धरणारा माणूस एवढेच चित्र असते. प्रत्यक्षात उमेदवाराचा दिवस कवायतीने सुरू होतो. पथकातील प्रत्येकाला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचे काम ठरलेले असते. कोणी नळी पसरतो, कोणी पंप सांभाळतो, कोणी शिडीचा पाय धरतो. आज्ञा होताच सर्वांनी न बोलता आपापली कृती करायची असते. ही कवायत बाहेरून पाहणाऱ्यास यांत्रिक वाटते. परंतु धुरात दिसेनासे झाले आणि आवाजात ऐकू येईनासे झाले की माणसाला विचार करून काम करता येत नाही, सवयीनेच करता येते. तेथे या यांत्रिकपणाचा उपयोग होतो.

त्यानंतर दोर येतो. 'बोलाइन' ही न सरकणारी गाठ, दोन फासांची 'चेअर नॉट', खांबाला आवळून बसणारी 'क्लोव्ह हिच' अशा गाठी डोळे बांधून मारायला शिकविल्या जातात. चेअर नॉटमधील एक फास छातीखाली व दुसरा गुडघ्यांखाली अडकवून माणसाला वरच्या मजल्यावरून खाली सोडता येते. बैल बांधण्यात आणि मोट जुंपण्यात हात मुरलेल्या शेतकरी घरातील मुलाला हे शिक्षण परके नसते. शिडीवरून, खांद्यावर माणूस घेऊन उतरणे हा त्यापुढचा टप्पा. येथे पहिल्या दिवशी घाबरणारा उमेदवार विसाव्या दिवशी घाबरत नाही असे नाही, पण घाबरूनही त्याचा पाय पायरीवर नेमका पडतो.

धुराच्या खोलीतील सराव सर्वांत कठीण. बंद खोलीत धूर व उष्णता निर्माण केली जाते आणि पाठीवर हवेचे नळकांडे, तोंडावर मुखवटा घेऊन उमेदवाराने भिंतीला एक हात लावून, गुडघ्यांवर सरकत खोलीचा शोध घ्यायचा असतो. हवेच्या नळकांड्यावर जो वेळ लिहिलेला असतो तो मध्यम श्रम करणाऱ्या माणसाचा; जोराचे श्रम करणाऱ्याची आणि घाबरलेल्याची हवा त्याहून खूप लवकर संपते. हवा कमी झाल्याची शिट्टी वाजली की हातातले काम कितीही जवळ आलेले असो, परत फिरायचे असते. आत माणूस अडकला आहे हे ठाऊक असताना परत फिरणे हे शौर्याच्या रूढ कल्पनेत बसत नाही. प्रशिक्षणाचा मोठा भाग या रूढ कल्पनेला शिस्त लावण्यातच जातो.

किल्लारी, १९९३ :

१९९३ हे वर्ष या विषयाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे, आणि ही दोन कारणे सहसा एकत्र पाहिली जात नाहीत. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेला बारावे परिशिष्ट जोडले आणि नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत 'अग्निशमन सेवा' हा विषय घातला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट दिले. त्यात शेती, पाणी, रस्ते, शिक्षण, आरोग्य असे २९ विषय आहेत. अग्निशमन त्यात नाही. शहराला बंब असेल, खेड्याला नसेल, ही जुनी वस्तुस्थिती अशा रीतीने घटनेच्या परिशिष्टांतही उमटली.

त्यानंतर चार महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जन करून लोक झोपी गेले होते. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली आणि ५२ गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांची रचना येथे घातक ठरली. मातीत बसविलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षे चढविलेला पांढऱ्या मातीचा जाड थर हे घर उन्हाळ्यात थंड राही. पण हादरा बसताच भिंतींचे दगड सुटले आणि मातीचा सगळा भार झोपलेल्यांवर आला.

सिमेंट-काँक्रीटची इमारत कोसळते तेव्हा तिरप्या पडलेल्या स्लॅबखाली पोकळ्या राहतात आणि त्यांत माणूस काही तास, कधी काही दिवस जिवंत राहू शकतो. माती अशी पोकळी फारशी ठेवीत नाही. ती नाकातोंडात जाते आणि छातीवर दाबून बसते. त्यामुळे किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांत जे काही वाचविणे शक्य होते ते पहिल्या काही तासांतच. त्या तासांत तेथे कोण होते? वाचलेले शेजारी, नातलग आणि आसपासच्या गावांतून धावत आलेले लोक. त्यांनी हातांनी माती उपसली. लष्कर व राज्य राखीव पोलीस दल पोहोचले तेव्हा बऱ्याच ठिकाणी काम जिवंत माणूस काढण्याचे राहिले नव्हते. त्यात पाऊस आला.

शेजाऱ्यांच्या हातांनी जे केले त्याला तोड नाही, हे मान्य करूनच एक गोष्ट नमूद करावी लागते. ढिगाऱ्यावर अनेक माणसे एकदम चढली की खाली उरलेली थोडीशी जागाही दबते. बोलणे थांबवून, सर्वांना स्तब्ध उभे करून, कान लावून आवाज घेण्याची साधी रीत आहे. दगड कोणत्या बाजूने काढावा, तुळईला टेकू कोठे द्यावा, अर्धवट निघालेल्या माणसाला ओढू का नये याचेही ठरलेले ज्ञान आहे. हे ज्ञान नागपूरला छत्तीस वर्षांपासून शिकविले जात होते. नागपूर आणि किल्लारी ही एकाच राज्यातली ठिकाणे. पण त्या पहाटे ती एकमेकांना ठाऊक नव्हती.

कायदे, दले आणि काळबादेवी :

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि राज्याची आपत्ती व्यवस्थापन योजनाही तयार झाली. या काळात भर घरबांधणीवर होता आणि ते स्वाभाविकही होते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने आणि २००४ च्या त्सुनामीने देशपातळीवर हालचाल झाली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. या दलाची पाचवी वाहिनी पुण्याजवळ असून जुलै २०१४ मध्ये माळीण येथे दरड कोसळल्यावर चिखलातून मृतदेह काढण्याचे अवघड काम तिने केले.

राज्यात २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर २००८ पासून अमलात आला. इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन त्याने घातले. सांताक्रूझ येथील राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकांचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम चालतो आणि नगरपरिषदांच्या सेवेत येऊ पाहणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण तेथून शिकून बाहेर पडतात. खेड्यातील उमेदवाराला या शिक्षणासाठी सहा महिने मुंबईत राहावे लागते, हा खर्च पाठ्यक्रमाच्या पुस्तकात कोठे लिहिलेला नसतो.

प्रशिक्षण एकदा घेतले की पुरले, असे नसते हे ९ मे २०१५ रोजी दिसले. मुंबईत काळबादेवी येथील 'गोकुळ निवास' या लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर पडले होते, काम चालू होते, आणि इमारत कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन यांच्यासह दलाच्या चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. हे नवखे नव्हते. दलातील सर्वांत अनुभवी माणसांपैकी होते. लाकडी सांगाडा जळताना शेवटपर्यंत उभा दिसतो आणि मग एकदम बसतो. जुन्या मुंबईत अशा इमारती शेकड्यांनी आहेत. ब्रेडवुड जसा आपल्या माणसांजवळ उभा होता तसेच हे अधिकारीही आपल्या माणसांजवळ उभे होते. कोसळण्याची शक्यता असलेल्या इमारतीपासून किती अंतरावर उभे राहावे आणि आत कोणी उरले नसेल तर केव्हा मागे यावे, हा विषय पुस्तकात आहे. तो अमलात आणण्यासाठी मात्र, आपल्या दलाच्या स्वभावाविरुद्ध जाऊन 'मागे या' म्हणण्याचा सराव लागतो, आणि तो सराव कनिष्ठांइतकाच वरिष्ठांनाही लागतो.

मांजरसुंबा घाट :

बीड शहराच्या दक्षिणेस बालाघाटाचा चढ चढून गेले की मांजरसुंबा लागते. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले कपिलधार येथून जवळच आहे. गाव छोटे, पण चौक मोठा. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथून जातो, आणि पाटोद्याकडून येऊन केज–अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला येथे छेदतो. उत्तरेकडील माल दक्षिणेकडे, पुण्या-नगरकडची वाहने लातूरकडे, आणि हंगामात ऊसतोड कामगारांना घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या, असा हा सारा प्रवाह या चौकातून वाहतो. रात्री दोन वाजताही येथे चहा मिळतो. मांजरसुंब्याला ग्रामपंचायत आहे. म्हणजे घटनेच्या अकराव्या परिशिष्टाप्रमाणे पाहिले तर अग्निशमन हा या गावाचा विषयच नाही.

महामार्गावरील अपघातात वाहनात अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे ही आज जगभर अग्निशामकांच्या कामाची एक मोठी बाजू झाली आहे. तिची रीत ठरलेली आहे. प्रथम वाहन घसरू नये म्हणून चाकांना व खालच्या बाजूला ठोकळे लावायचे. बॅटरीची तार काढायची. एकाने आत जाऊन जखमीचे डोके व मान स्थिर धरायची आणि त्याच्याशी बोलत राहायचे. मग पाणी किंवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या कातरीने छताचे खांब कापून छत बाजूला करायचे व फाकणीने दार उघडायचे. पत्रा माणसापासून दूर करायचा. माणसाला पत्र्यातून ओढायचे नाही. रस्त्यावर जमलेले लोक बहुधा याच्या उलट करतात. दयेपोटी ते हात धरून ओढतात आणि मणक्याला झालेली इजा कायमची होते. हवेची पिशवी न फुगलेली असेल, सी.एन.जी.ची टाकी असेल किंवा विजेवर चालणारी गाडी असेल तर कोठे कापायचे नाही हेही शिकावे लागते. विजेच्या गाडीतील उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मृत्यू पावले. बस दाराच्या बाजूवर पडली होती. काही प्रवासी काच फोडून बाहेर आले म्हणून वाचले. अशा आगीत बाहेरून येणाऱ्या मदतीला मिळणारा अवधी काही मिनिटांचा असतो, आणि बालाघाटातील कोणत्याही वळणावर शहरातून येणाऱ्या बंबाला तेवढ्या वेळात पोहोचणे शक्य नाही.

दुसरे उदाहरण टँकरचे. धोकादायक द्रव्य वाहून नेणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक लावणे आणि त्याच्या चालकाने विशेष प्रशिक्षण घेणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे. फलकावर द्रव्याचा क्रमांक असतो, धोक्याचे चिन्ह असते, संपर्काचा पत्ता असतो. १९४४ मध्ये 'फोर्ट स्टिकिन'वर जे लाल निशाण नव्हते त्याचेच हे आजचे रूप होय. निशाण लागले. आता ते वाचणारा हवा. टँकर उलटल्यावर डबे घेऊन तेल भरायला धावणाऱ्या गर्दीला तो फलक दिसत असतो, पण त्यातले अक्षर कोणी तिला शिकविलेले नसते.

विहिरींची गोष्टही येथे सांगितली पाहिजे, कारण या दुष्काळी पट्ट्यात प्रत्येक गावात जुन्या, पाणी आटलेल्या विहिरी आहेत. एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील वाकडी येथे शेण साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला, त्याला काढण्यासाठी दुसरा, आणि असे करीत सहा जण उतरले. पाच जण मरण पावले. जो एक जण वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. नागपूरच्या मैदानावर पहिल्या आठवड्यात शिकविली जाणारी गोष्ट ती हीच : हवा तपासल्याशिवाय उतरायचे नाही, आणि दोराचे दुसरे टोक वरच्या माणसाच्या हातात असल्याशिवाय तर नाहीच.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अशा योजनांत बंब आणि उंच शिड्या यांची खरेदी लवकर होते, कारण त्यांची मोजदाद करता येते आणि उद्घाटनही. धुराची खोली बांधणे, जुनी वाहने कापण्यासाठी मिळविणे, कोसळलेल्या घराचा नमुना उभारणे आणि वर्षातून दोनदा प्रत्येक अग्निशामकाला पुन्हा तेथे नेणे ही कामे तशी दिसत नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यात असे एखादे मैदान असेल तर त्याची जागा शहरात असण्याचे कारण नाही. ती महामार्गांच्या चौकाजवळ असावी, आणि तेथे नगरपरिषदेच्या अग्निशामकांबरोबर महामार्ग पोलीस, एस.टी.चे चालक-वाहक, रुग्णवाहिकेचे कर्मचारी आणि ढाब्यांवरील कामगार यांनाही दिवस-दोन दिवस शिकता यावे. या शेवटच्या नावाचे नवल वाटण्याचे कारण नाही. मांजरसुंब्याच्या चढावर रात्री गाडी उलटली की आवाज ऐकून प्रथम तेच धावतात, आणि अग्निशामक पोहोचेपर्यंत जखमीची मान कोणाच्या तरी हातात असते ती त्यांच्याच.